पँथर आधी मतपत्रिकेवर उमटला

आपल्या चळवळीत पँथर हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर मोर्चा येतो, घोषणा येतात, वरळी-नायगावचे दिवस आठवतात. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आदी तरुणांनी दलित पँथर स्थापन केली, तेव्हा अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षाचे नाव त्यांच्यासमोर होते, हे सर्वांना ठाऊक आहे. तो ब्लॅक पँथर पक्ष ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी काढला, हेही अनेकांना माहीत आहे. परंतु ओकलंडच्या तरुणांनी तो काळा पँथर कुठून घेतला, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. तो त्यांनी घेतला अलाबामा राज्यातील लाउंडेस नावाच्या एका गरीब, खेड्यापाड्यांच्या काउंटीतून. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखे प्रशासकीय एकक; लोकसंख्येने मात्र आपल्या एखाद्या मोठ्या गावाएवढे. आणि तिथे तो पँथर बंदुकीवर किंवा झेंड्यावर नव्हता. तो मतपत्रिकेवरचे निवडणूक चिन्ह होता!

पँथर जन्माला आला तो मतदार नोंदणीच्या लढ्यातून. ही गोष्ट चळवळीच्या वाचकांनी नीट समजून घेतली पाहिजे. कारण मतदानाकडे पाहण्याची आपली दृष्टी अलीकडे फार उथळ झाली आहे. कोण कुठल्या पक्षाबरोबर गेला, कोणाला तिकीट मिळाले, कोणाची मते फुटली, एवढ्यावरच आपली चर्चा संपते. मतदार कसा घडतो, तो केंद्रापर्यंत कसा पोहोचतो आणि पोहोचल्यावर त्याच्या मताला किती किंमत मिळते, या तीन प्रश्नांची चर्चा होत नाही. लाउंडेस काउंटीचा साठ वर्षांचा इतिहास म्हणजे या तीन प्रश्नांचाच इतिहास आहे.

१९६० च्या जनगणनेत या काउंटीची लोकसंख्या १५,४१७ होती. त्यातले सुमारे ८० टक्के लोक कृष्णवर्णीय. मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय पाच हजारांवर होते. १९६५ साल उजाडले तेव्हा मतदार यादीत त्यांच्यापैकी किती जणांची नावे होती? एकाचेही नाही. शून्य! आणि गोऱ्यांची नोंदणी? ती शंभर टक्क्यांच्याही वर गेली होती. म्हणजे मेलेले आणि गाव सोडून गेलेले गोरे यादीत जिवंत होते आणि हाडामांसाचे जिवंत काळे यादीबाहेर होते. शंभराहून कमी गोऱ्या कुटुंबांच्या हाती काउंटीतील बहुतेक जमीन होती. बाकीचे बहुसंख्य कापसाच्या शेतात वाट्याने राबणारे. जमीन ज्याची, शेरीफ त्याचा. शेरीफ ज्याचा, न्यायालय त्याचे. आपल्या खेड्यांतील गावगाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही.

हे सारे कायद्याने चालले होते, हे लक्षात घ्या. अलाबामाची १९०१ ची राज्यघटना लिहिणाऱ्यांनी आपला हेतू लपवला नव्हता. गोऱ्यांचे वर्चस्व कायद्याच्या चौकटीत बसवणे हाच त्यांचा उघड हेतू होता. त्यासाठी मतदानावर कर बसवला, साक्षरतेची परीक्षा घातली, ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांचा मताधिकार काढून घेतला. कायद्यात कुठेही ‘काळा’ हा शब्द नव्हता, पण प्रत्येक कलम काळ्याला लागू पडेल अशा बेताने बेतलेले होते. नोंदणीचे कार्यालय महिन्यातून दोनच दिवस उघडे. परीक्षा घेणारा गोरा, तपासणारा गोरा, नापास करणाराही गोरा. चळवळीतील वकिलांनी हे ध्यानात ठेवावे की, सर्वांत जुलमी कायदा बहुधा सर्वांत निःपक्षपाती भाषेत लिहिलेला असतो.

मार्च १९६५ मध्ये जॉन ह्युलेट यांच्या पुढाकाराने काही डझन माणसे हेनविल या काउंटीच्या मुख्य गावी नोंदणीसाठी गेली. त्यांना परत पाठवले गेले. ते पुन्हा गेले. त्या महिन्यात अखेर दोघांची नावे यादीत चढली, एक ह्युलेट आणि दुसरे एक अंध धर्मोपदेशक. पाच हजारांत दोन! त्याच महिन्यात मार्टिन ल्यूथर किंग यांचा सेल्मा ते मॉन्टगोमेरी हा प्रसिद्ध मोर्चा याच काउंटीतून गेला. मोर्चा संपला त्या रात्री, २५ मार्च रोजी, मोर्चेकऱ्यांना गाडीतून पोहोचवणाऱ्या व्हायोला लिउझो या गोऱ्या महिलेचा याच काउंटीच्या रस्त्यावर कू क्लक्स क्लॅनच्या माणसांनी गोळ्या घालून खून केला. २० ऑगस्टला जोनाथन डॅनियल्स या धर्मशास्त्राच्या तरुण विद्यार्थ्याला हेनविलमध्ये भरदिवसा गोळी घातली गेली. गोळी झाडणाऱ्याला सर्व गोऱ्यांच्या ज्यूरीने निर्दोष सोडले.

ज्यूरीच्या या प्रश्नावर काउंटीतील लोक फेडरल न्यायालयात गेले. ‘व्हाइट विरुद्ध क्रूक’ या खटल्यात १९६६ साली तीन न्यायाधीशांच्या पीठाने निर्णय दिला की, कृष्णवर्णीयांना ज्यूरीतून पद्धतशीरपणे वगळणे घटनाबाह्य आहे. अलाबामाच्या कायद्याने स्त्रियांना तर ज्यूरीवर बसण्याचीच बंदी होती. तीही घटनाबाह्य ठरवली गेली. एका मागास काउंटीतील शेतमजुरांच्या लढ्याने राज्यातील स्त्रियांनाही हक्क मिळवून दिला. शोषितांची लढाई फक्त त्यांच्यापुरती नसते, असे आपण भाषणांत म्हणतो. तिथे ते निकालपत्रात लिहिले गेले.

६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायदा झाला. साक्षरतेच्या परीक्षा स्थगित झाल्या आणि काही दिवसांतच केंद्राचे नोंदणी अधिकारी लाउंडेसमध्ये दाखल झाले. पण कायदा झाला म्हणून भीती गेली असे नाही. ज्यांनी नाव नोंदवले, त्यांना जमीनमालकांनी घराबाहेर काढले. ही कुटुंबे महामार्ग ८० च्या कडेला तंबू ठोकून राहिली. त्या वस्तीला ‘टेंट सिटी’ हेच नाव पडले. थंडी, पाऊस आणि रात्री रस्त्यावरून होणारा गोळीबार सोसत काही कुटुंबांनी तिथे दोनेक वर्षे काढली, पण नाव मागे घेतले नाही. आज मतदानाच्या दिवशी ऊन आहे म्हणून, रांग आहे म्हणून घरी बसणाऱ्या आपल्या सुशिक्षित बांधवांनी त्या तंबूंची आठवण ठेवावी.

नोंदणी झाली. आता मत द्यायचे कोणाला? हा दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न होता. त्या काळी अलाबामात सत्ता डेमोक्रॅटिक पक्षाची. त्या पक्षाचे राज्यातील चिन्ह कोंबडा आणि त्यासोबतचे घोषवाक्य उघडउघड गोऱ्यांच्या वर्चस्वाचे! १९६६ च्या सुरुवातीला काळी मते दिसू लागताच ते शब्द तेवढे बदलले, पण पक्ष जॉर्ज वॉलेस यांचाच राहिला. शिवाय लाउंडेसमध्ये पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत उभे राहण्याची फी ५० डॉलरवरून एकदम ५०० डॉलर करण्यात आली. शेतमजुराने ती कुठून भरायची?

स्टोकली कारमायकेल आणि त्यांच्या विद्यार्थी समन्वय समितीचे कार्यकर्ते तेव्हा काउंटीत राहून काम करत होते. त्यांच्यातील संशोधकाने अलाबामाची कायद्याची पुस्तके चाळून एक जुनी तरतूद शोधून काढली. एका काउंटीपुरता स्वतंत्र पक्ष काढता येतो; त्याने प्राथमिक निवडणुकीच्याच दिवशी जाहीर सभेत उमेदवार निवडायचे; आणि सार्वत्रिक निवडणुकीत २० टक्के मते मिळाली की तो मान्यताप्राप्त पक्ष होतो. ज्या कायद्याने बाहेर ठेवले होते, त्याच कायद्याच्या पुस्तकात आत जाण्याचे दार सापडले. बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितले, ते केवळ नोकरीसाठी नव्हे.

अशा रीतीने लाउंडेस काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन उभी राहिली. बरेच मतदार निरक्षर असल्याने पक्षाला चिन्ह आवश्यक होते. त्यांनी निवडला झेपावणारा काळा पँथर. कोंबड्यासमोर पँथर! आपल्याकडेही १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हत्ती या चिन्हावर लढले होते. ज्याला अक्षर नाकारले गेले, त्याने चित्रावर बोट ठेवून आपला पक्ष ओळखला, हा दोन्हीकडचा सारखा अनुभव आहे.

३ मे १९६६ रोजी सभा झाली. न्यायालयाच्या आवारात ती घेण्यास शेरीफने नकार दिला, म्हणून जवळच्या चर्चपाशी घेतली गेली. सुमारे ९०० लोकांनी मतदान करून सात उमेदवार निवडले. शेरीफ, कॉरोनर, कर आकारणारा, कर वसूल करणारा आणि शिक्षण मंडळाच्या तीन जागा. कर आकारणीच्या जागेवर ॲलिस मूर ही महिला उभी होती आणि तिचा जाहीरनामा एका वाक्याचा होता : श्रीमंतांवर कर बसवून गरिबांना जेवू घालायचे.

या मधल्या काळात कार्यकर्त्यांनी जे केले, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यांनी चित्रांच्या छोट्या पुस्तिका काढल्या. शेरीफ काय करतो? करआकारणी कोण ठरवते आणि मोठ्या जमीनदाराचा कर कमी का असतो? शाळेला पैसा कोण देतो? हे चित्रांतून सांगितले. सभा घेतल्या, कार्यशाळा घेतल्या. ज्या माणसाला सांगितले गेले होते की राजकारण हे गोऱ्यांचे काम आहे, त्याला समजले की त्याच्या घरासमोरचा खड्डा आणि त्याच्या मुलाची पडकी शाळा म्हणजेच राजकारण. मतदानाची टक्केवारी अशी वाढते. तिला महिनोन् महिने घरोघर जाण्याची मशागत लागते. निवडणुकीच्या आदल्या रात्री वाटलेल्या पाकिटातून ती उगवत नाही.

८ नोव्हेंबर १९६६ रोजी मतदान झाले. तोवर नोंदलेल्या काळ्या मतदारांची संख्या गोऱ्यांच्या थोडी पुढे गेली होती. तरी सातही उमेदवार पडले. पँथरला साधारण सोळाशेच्या आसपास मते, विरोधकांना बावीसशे-तेवीसशे. का पडले? मळेवाल्यांनी आपल्या कुळांना ट्रकमध्ये भरून केंद्रावर आणले आणि कोंबड्यावर मत द्यायला लावले. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या हातात आहे, त्याचे मत गुप्त असूनही मोकळे नसते. हे आपल्यालाही नवे नाही.

पण हिशेब इथे संपत नाही. २० टक्क्यांची अट त्यांनी दुपटीने पार केली. पक्ष मान्यताप्राप्त झाला. पराभवानंतर त्यांनी एकमेकांवर चिखलफेक केली नाही, पक्षाचे चार तुकडे केले नाहीत. पुढच्या काळात हा पक्ष राज्यव्यापी नॅशनल डेमोक्रॅटिक पार्टी ऑफ अलाबामाशी जोडला गेला आणि १९७० साली जॉन ह्युलेट लाउंडेसचे शेरीफ म्हणून निवडून आले. ज्या हेनविलमध्ये पाच वर्षांपूर्वी त्यांना नोंदणी नाकारली होती, तिथलेच शेरीफ! ते बावीस वर्षे त्या पदावर होते.

पुढे काउंटीचा कल कसा राहिला? आज अलाबामा हे रिपब्लिकन पक्षाचे राज्य आहे. १९८० पासून अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत ते त्याच बाजूला गेले आहे. लाउंडेस मात्र डेमोक्रॅटिक. २००८ आणि २०१२ मध्ये ओबामांना तिथे सुमारे तीन चतुर्थांश मते पडली, २०२० मध्ये बायडेन यांना सुमारे ७३ टक्के, आणि २०२४ मध्येही बहुमत कमला हॅरिस यांनाच. ज्या पक्षाच्या कोंबड्याविरुद्ध पँथर उभा राहिला, त्याच पक्षाला आज काळे मतदार मत देतात आणि गोरे मतदार विरोधी पक्षात गेले आहेत. यातून काय दिसते? पक्षाची पाटी कायमची नसते. मतदार जागा असेल तर पाटी बदलते, पक्षालाच मतदाराकडे यावे लागते. ‘आमचा समाज अमुक पक्षाचाच’ असे जन्मजात काही नसते.

डिसेंबर २०१७ मध्ये सिनेटच्या पोटनिवडणुकीत डेमोक्रॅट डग जोन्स यांनी रॉय मूर यांना सुमारे २२ हजार मतांनी हरवले. राज्यभर मतदान जेमतेम ४० टक्के. अशा वेळी ब्लॅक बेल्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काउंट्यांतील कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडले. लाउंडेसने तीन चतुर्थांशांहून अधिक मते जोन्स यांना दिली. इतर घरी बसतात तेव्हा जो बाहेर पडतो, त्याच्या मताचे वजन वाढते. अल्पसंख्य समाजाने हे गणित पाठ केले पाहिजे.

मग लाउंडेसमध्ये सारे आबादीआबाद झाले का? नाही! इथेच खरा प्रश्न आहे. तिथली काळी चिकणमाती पाणी जिरू देत नाही. साधी सेप्टिक टाकी चालत नाही. चालेल अशी यंत्रणा गरिबाला परवडत नाही. परिणामी असंख्य घरांचे सांडपाणी पाइपाने सरळ मागच्या अंगणात. एकेकाळी तर यासाठी घरमालकांवरच गुन्हे नोंदवले गेले! २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५ जणांचे नमुने तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक जणांत अंकुशकृमीचे अंश सापडले. जगातील सर्वांत श्रीमंत देशात! काउंटीची कन्या कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स यांनी वर्षानुवर्षे हा प्रश्न लावून धरला. केंद्रीय न्याय विभागाने चौकशी करून मे २०२३ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाशी करार केला. वॉशिंग्टनमध्ये सत्ता बदलली आणि एप्रिल २०२५ मध्ये न्याय विभागाने तो करार मोडीत काढला.

शेरीफ आपला, आयुक्त आपले, पण सांडपाण्याचा पैसा राज्याकडे आणि जमीन पूर्वीच्याच हातात. लोकसंख्याही घटत गेली. २०२० च्या जनगणनेत ती १०,३११ वर आली. काम नाही म्हणून तरुण बाहेर पडतात आणि मतदार यादी म्हातारी होते. आणि राज्यातील अध्यक्षपदाची सर्व ९ मते विजेत्याला जातात, त्यामुळे लाउंडेसच्या हजारो मतांचा देशाच्या निकालावर परिणाम शून्य. राजकीय जीवनात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीच्या जीवनात आपण प्रवेश करत आहोत, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. त्या इशाऱ्याचा पुरावा लाउंडेसच्या अंगणात साचलेला आहे.

कायद्याचे छत्रही कायम राहिले नाही. मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन अलाबामावर होते. त्याच राज्यातील शेल्बी काउंटीने ते आव्हानित केले आणि २५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्या बंधनाचा पायाच काढून घेतला. त्यानंतर राज्याने छायाचित्राच्या ओळखपत्राची सक्ती अमलात आणली. २०१५ मध्ये ओळखपत्र जिथे मिळते ती वाहन परवान्याची ३१ कार्यालये बंद करण्याचे ठरले. त्यांत ब्लॅक बेल्टमधील अनेक होती. ओरड झाली, केंद्राची चौकशी झाली, तेव्हा कामाचे तास वाढवले गेले. १९६५ मध्ये नोंदणी कार्यालय महिन्यातून दोन दिवस उघडे होते. पन्नास वर्षांनी दुसऱ्या कार्यालयाबाबत तोच खेळ! २०२३ मध्ये ‘ॲलन विरुद्ध मिलिगन’ खटल्यात मतदारसंघांची रचना कृष्णवर्णीयांच्या मतांचे बळ कमी करते, हे त्याच न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने मान्य केले. एका मताच्या फरकाने हक्क जातो आणि एका मताच्या फरकाने परत येतो. न्यायालयावर विश्वास जरूर ठेवा, पण विसंबून राहू नका.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या पँथरनेही मतदानाचे हत्यार वापरले, पण उलट्या बाजूने. जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर दलित पँथरने बहिष्कार पुकारला. वरळीची दंगल झाली, भागवत जाधव शहीद झाले. काँग्रेसचे रामराव आदिक पडले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. काही लोक म्हणतात, बहिष्कार म्हणजे पळ. तसे नाही. सभेत ठरवून, कारण सांगून, एकत्र रोखलेले मतसुद्धा सत्तेला हादरा देते. पण ठरवून रोखलेले मत आणि आळसाने वाया घालवलेले मत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आज आपल्या वस्त्यांत मत वाया जाते ते बहुधा दुसऱ्या कारणाने. नाव यादीत नसते, भाडेकरू म्हणून पत्ता बदललेला असतो, झोपडी पाडली म्हणून नाव उडालेले असते, किंवा ‘आपल्या एका मताने काय होणार’ हा निराशेचा रोग असतो.

यावर उपाय भाषणांत नाही. प्रत्येक बुद्ध विहारात मतदार यादीची प्रत असावी. निवडणुकीच्या तोंडावर नव्हे, वर्षभर तिचे वाचन व्हावे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुला-मुलींचा नमुना ६ भरून घ्यावा. कोणी नमुना ७ भरून आपल्या माणसाचे नाव वगळू पाहत असेल तर चळवळीच्या वकिलांनी विनामूल्य हजर राहावे. ग्रामसेवक काय करतो, नगरसेवकाच्या हातात कोणता निधी आहे, समाजकल्याणचा पैसा कुठे अडतो, याच्या चित्रपुस्तिका आपणही काढाव्यात. त्याला फार पैसा लागत नाही. लाउंडेसच्या शेतमजुरांकडेही तो नव्हता.

बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले होते. हे नाते फक्त नावापुरते आणि डरकाळीपुरते ठेवायचे की त्यांच्या कामाची पद्धतही घ्यायची, हे आपण ठरवायचे आहे. पाच हजारांत शून्य नोंदणी असलेल्या काउंटीने पाच वर्षांत आपला शेरीफ निवडला. त्याने सगळे प्रश्न सुटले नाहीत, हे खरेच आहे. पण अंगणातल्या सांडपाण्याबद्दल आज तिथला माणूस जाब विचारू शकतो, कारण १९६५ मध्ये त्याच्या आजोबाने तंबूत राहून आपले नाव यादीत ठेवले. आपल्या वस्तीची यादी आपण या आठवड्यात उघडली का?